गाईंविना तीन दिवस

सोमवार, ९ मार्च

पोचलो! दीड तासाचा रस्ता, आणि गॉर्डननं चार वेळा गाडी थांबवली — दर वेळी कुणाच्या तरी गाई बघायला. "ती मागची बघ, खुरात काहीतरी गेलंय तिच्या." दुसऱ्याच्या गाई, दुसऱ्याचं कुरण, आणि माझा नवरा कुंपणाला रेलून उभा! एकोणीस वर्षांतली दोघांची ही पहिली सुट्टी. लग्नं आणि मर्तिकं मी धरत नाही.

आमच्या तीनशे दहा जणी ब्रिजेटवर सोपवल्यात. शेजारची मुलगी, हाताला चलाख. तरी गॉर्डनचे दोन फोन झाले. तिसऱ्याला तिनं उचललाच नाही. शहाणी आहे.

गॉर्डनच्या छातीवर डॉक्टरीणबाईंनी ठोके टिपणारं छोटं यंत्र चिकटवलंय. ऑक्टोबरात हृदयाचा झटका आला तेव्हापासून दूध काढायची शेड मी आणि ब्रिजेटच सांभाळतोय. "तीन दिवस भरपूर चाला, चढा. यात सगळं उमटेल. मग सांगते, पुन्हा दूध काढायचं की नाही." यंत्र म्हणेल ते ऐकायचं, असं आमचं ठरलंय. हो म्हणालं तर हेमिशकडे जाऊन पुढच्या मोसमाच्या करारावर सही — जमीन त्याची, गाई आमच्या, तसंच चालू. नाही म्हणालं तर गाई विकायच्या. मी मध्ये एक शब्द बोलायचा नाही. वचन घेतलंय त्यानं.

वहीला काही वचन दिलेलं नाही. मला गाई विकायच्यात! पहाटे बोटं वळत नाहीत माझी. दमले आहे मी. यंत्रानं नाही म्हणावं असं वाटतं.

म्हणजे नवऱ्याचं हृदय बिघडलेलं निघावं, असंच की! कसली बाई आहे मी.

मंगळवार, १० मार्च

चारला उठलो. दोघंही. गॉर्डन अंधारात गमबूट चाचपत होता. गमबूट घरी आहेत!

मंगळवार, संध्याकाळी

सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

पुन्हा झोप कुठली येतेय! पाचला जंगलाच्या तोंडाशी जाऊन गाडी लावली. काळोख. उजेड व्हायला अडीच तास. तेवढ्यात चहाचा थर्मास रिकामा, आणि दुपारसाठी आणलेले चीज रोल एकूण एक फस्त. "गाई नाहीत तर माणसं इतक्या सकाळी करतात काय?" गॉर्डन म्हणाला. मी म्हटलं, झोपतात.

मग चालायला लागलो. पावसानं वाट मऊ होती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच नेचे, वर रिमूची झाडं, आणि पाण्याचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. मी पुढे. तो दहा पावलं मागे, हात पाठीशी, सावकाश. मी थांबले की तो थांबायचा. मला वाटलं, दम लागतोय. मागे असला की श्वासही ऐकू येत नाही मला.

"पुढे हो ना," मी म्हटलं.

"राहू दे. घाई केली की पाय मुरगाळतात."

"कुणाचे?"

"गाईंचे."

मग लक्षात आलं! हा माणूस कळप आणतो तसा मला आणत होता. "मी काय तुझी गाय आहे का रे?" म्हणून ओरडले. तो गंभीरपणे म्हणाला, "गाय असतीस तर एव्हाना न बोलता पोचली असतीस, म्हातारे." हसून हसून मला बसावं लागलं. ओल्या ओंडक्यावर. पँट भिजली.

या जंगलात तीन धबधबे. पहिल्याला दोनशे-सव्वादोनशे पायऱ्या उतरायच्या, आणि तेवढ्याच परत चढायच्या. परतताना निम्म्यावर आलो आणि मागची पावलं थांबली. वळून बघितलं तर गॉर्डन कठड्याला धरून उभा, मान खाली.

आणि मला बरं वाटलं. क्षणभर. संपल्या गाई, असं मनात आलंसुद्धा. लगेच धावत खाली गेले, दोन पायऱ्या चुकले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या बुटाच्या टोकावर पंख्यासारख्या शेपटीचा पक्षी बसला होता! एवढासा जीव, शेपूट उघडतोय, मिटतोय. "हलू नकोस," तो कुजबुजला. चेहरा लाल, पण श्वास अगदी शांत. मी जवळून ऐकला. दंडाला धरून उभी राहिले आणि रडले. त्याला वाटलं पक्ष्यासाठी.

त्या पायरीवरच मी मागितलेलं परत घेतलं. हृदय चांगलं निघू दे. गाई राहिल्या तर राहिल्या, बोटं वळतील तशी वळतील. हा माणूस असू दे.

दुसरा धबधबा रुंद, तीन टप्प्यांचा. खाली उतरून तोंडावर तुषार घेतले. एक बाई कुत्रं घेऊन आली होती. "काढू का तुमचा फोटो?" गॉर्डन सवयीनं माझ्या मागे जाऊन उभा. "अहो, शेजारी उभे राहा की! भांडण झालंय का?" ती म्हणाली. राहिला शेजारी. त्याला हात कुठे ठेवायचा कळेना. शेवटी माझ्या खांद्यावर ठेवला, आणि फोटो झाल्यावरही काढायचा विसरला.

परतताना वाट एका माणसापुरती, तरी दोघं शेजारी चाललो. नेच्यांनी एकेक बाही भिजली. पाच तास चाललो एकूण! रात्री मासा आणि चिप्स, कागदातूनच. किती चांगला दिवस दिलास, देवा. माझी लायकी नव्हती, तरी दिलास.

बुधवार, ११ मार्च

आज तिसरा धबधबा. पुन्हा पायऱ्या. माझाच दम निघाला!

गुरुवार, १२ मार्च

घरी. ब्रिजेटनं सगळं नीट ठेवलंय, एकही गाय आजारी नाही. गॉर्डनला जरा रागच आला त्याचा. यंत्र दवाखान्यात दिलं. आता फोनची वाट.

सोमवार, १६ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. हृदय ठणठणीत! "जा, काढा दूध." गॉर्डन टोपी घालून हेमिशकडे गेला. मी खुश आहे, खरंच आहे. ओट्यावरचं फडकं तोंडाला लावून रडले, तेवढंच.

मंगळवार, १७ मार्च

सही केली नाही त्यानं. मेअखेर गाई विकायच्या, कालच हेमिशला सांगून आला आणि मला आज सांगतोय! मी विचारलं, यंत्र तर हो म्हणालं होतं? बूट काढत म्हणाला, "नाही म्हणालं असतं तर हट्टानं काढलं असतं दूध. आता चालता येतंय — तर तुझ्याबरोबर चालतो की."