खुंटीवरचा कोट

मुरूम, श्रावण शुद्ध दशमी

आज पुन्हा खिडकीशी बसलो आणि बर्फ दिसू लागलं. रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेलो, पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी आलो आणि लढाई पेटली. त्याला आता वर्ष होईल. माझा जाड कोट तिकडच्या खोलीत खुंटीवरच आहे. घरमालकीणबाई अजून तो झटकत असतील? का कुणाला देऊन टाकला? कोटाचंच का आठवावं, कळत नाही.

संध्याकाळी वडील म्हणाले, "इथल्या शाळेत विज्ञानाला मास्तर पायजे. निजामाचं राज्य, उर्दूतनं शिकवावं लागंल. जबरदस्ती न्हाय."

तेवढ्यात धाकटी गोदू घागर घेऊन निघाली.

"दादा, तिकडं पाण्याला काय म्हणतात?"

"वासर."

"मग मी वासरू आणायला चालले."

वडीलही हसले. वर्षात पहिल्यांदाच तिकडचा शब्द तोंडातून निघाला आणि दुखलं नाही. ती परत आल्यावर तिला आणखी चार शब्द शिकवले. बरं वाटलं.

मग वडिलांना म्हणालो, "सोमवारपासून जातो शाळेत."

त्यांनी नुसती मान डोलावली. जर्मनीला परत जाणार नाही, असं मी म्हणालो नाही. त्यांनीही विचारलं नाही.