मेढ्याच्या कब्रस्तानातली माझी कोरडी जागा

बिस्मिल्लाह.

मी, चांदसाहेब बालेखान मुलाणी, वय वर्षे शहात्तर, धंदा विहिरी खोदणे (आता बंद), राहणार मेढा, तालुका जावळी, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हात थरथरतो, पण ते चाळीस वर्षे पहार मारल्यामुळे, वेडामुळे नव्हे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. कोणाचा दबाव नाही. मुलगा अजमल साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला असतो, त्याला माझ्यावर दबाव आणायला सुट्टीच मिळत नाही.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मराठीत लिहितो, कारण कचेरीत हेच चालते.

कलम १. मेढ्यातले तीन खोल्यांचे घर आणि बँकेतली ठेव. यातले मुलगा अजमल आणि मुलगी शाझिया यांचे हिस्से शरीयतने आधीच ठरवले आहेत. त्यात मी शहाणपणा करणार नाही. फक्त अजमलला सांगतो की बहिणीचा हिस्सा तिच्या हातात दे. 'तिला लग्नात दिलंय की' हे वाक्य मी माझ्या बापाच्या मयतीनंतर माझ्या तोंडून ऐकले आहे. ते पुन्हा या घरात नको.

कलम २. दोन पहारी, तीन टिकाव, घण, ओळंबा आणि विहिरीवरची जुनी क्रेन अर्जुना याला द्यावी. तो वारस नाही, त्यामुळे शरीयतप्रमाणे त्याला मृत्युपत्राने देता येते. तीस वर्षे आम्ही पाळीपाळीने विहिरीत उतरलो, आणि तो तळाशी असताना दोर माझ्या हातात असायचा. त्याने मला एकदाही 'दोर सोडू नका' असे सांगितले नाही. असा विश्वास घरातल्यांनीही ठेवला नाही, आणि त्यांचे बरोबरच होते. ते पुढे येईल.

कलम ३. हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने सही पाहून उठावे.

सोळा वर्षांपूर्वी मशिदीत बाहेरगावच्या एका मौलानांचे बयान, म्हणजे प्रवचन, झाले. ते म्हणाले, दुनिया म्हणजे एसटी स्टँड. बाकावर बसा, पाणी प्या, पण बाकावर नाव कोरू नका, गाडी लागली की उठायचे आहे. माणूस मेला की घरचे लोक आणि माल त्याला कबरीपर्यंत पोचवून परततात, आत फक्त त्याने केलेली कर्मे जातात. मी त्या दिवशी फार रडलो. दुनियेतून मन काढायचे ठरवले. आणि विहिरी खोदणाऱ्याला जे सुचेल तेच मला सुचले. मी माझी कबर खोदून ठेवली.

जमातीची परवानगी घेतली. कब्रस्तानाच्या वरच्या अंगाला जागा निवडली, जिथे पाणी थांबत नाही. पाणी कुठे थांबते हे मला कळते, माझी भाकरीच त्यावर होती. बाजूंना घडीव दगड लावले. वीट नाही लावली, कारण वीट आगीतून निघालेली असते. तळाला वाईहून आणलेली बारीक वाळू पसरली. वर सांगलीच्या धनपाल यांच्या दुकानातल्या शहाबादी फरश्या झाकल्या. धनपाल जैन आहेत, जुने दोस्त. फरश्या उतरवून घेताना ते म्हणाले, "चांदसाहेब, आमच्यात सोडायचं म्हणजे सोडत्यात. तुमी सोडायला फरशी बसवताय." मी हसलो. उशाच्या दगडावर माझे नावही कोरून घेतले.

दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारची नमाज झाली की फरश्या सरकवून मी आत जाऊन पडायचो. मौत आठवावी म्हणून. खरे सांगतो, दोन वर्षांतच मौत आठवायची बंद झाली. गारवा आवडायला लागला. कोणाची बकरी जवळ आली तरी मी काठी घेऊन धावायचो. माझे घर गळत होते, आणि मी कबरीवर ताडपत्री टाकत होतो. बायको मेहरुनबी म्हणायची, "आवं, एकदा घरावर पन चढा की." मी तिला म्हणायचो की तू दुनियेत अडकली आहेस.

मेहरुन चार वर्षांपूर्वी जुलैत गेली. आठवडाभर पाऊस कोसळत होता, घाट बंद होते. जिथे टिकाव मारावा तिथे हातभर खाली पाणी. माझा धाकटा भाऊ बाबालाल सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "भाई, तुमची तेवढी कोरडी हाय. भाबीला तितं ठिवूया. पाऊस थांबला की तुमाला मी दुसरी खोदून देतो."

मी म्हणालो, "ती माझी हाय."

बाबालालने एकट्याने खालच्या अंगाला खड्डा घेतला. लोकांनी बादल्यांनी पाणी उपसले, तरी तिला ठेवली तेव्हा खाली चिखलच होता. त्या वेळी मी वर माझ्या खड्ड्यावरची ताडपत्री धरून उभा होतो, वारा होता म्हणून. मी माझ्या बायकोला तीन मुठी मातीसुद्धा दिली नाही. बाबालाल जाताना म्हणाला, "तुमच्याशी बोलनं आजपास्नं बंद." ते त्याने पाळले.

नंतरच्या जुम्म्याला पाऊस उघडला होता. मी फरश्या सरकवल्या. दगड कोरडे होते. वाळूत मात्र कोणीतरी निजून उठल्याचा ठसा होता, आणि तो ओला होता. उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला, जसे मयताला ठेवतात तसे. खांदा, कंबर, गुडघा. डावी टाच जिथे होती त्याच्या चार बोटे अलीकडे उजवी.

मेहरुनचा उजवा पाय चार बोटे आखूड होता. माझी भाकरी घेऊन विहिरीवर येताना ती मुरमाच्या ढिगावरून पडली होती. मी विहिरीत होतो, सुरुंगाची भोके मारायची राहिली होती, म्हणून दोन तास वर आलो नाही. पाय वाकडा जुळला.

मी थापीने वाळू सपाट केली. पुढच्या जुम्म्याला ठसा पुन्हा होता, तेवढाच ओला. अर्जुनाला नेऊन दाखवला. तो वाकून बघत राहिला. "मालक, ह्यो वैनींचा पाय हाय," एवढे बोलून निघून गेला, आणि पुन्हा कब्रस्तानाच्या बाजूला आला नाही. चार वर्षे दर जुम्म्याला मी वाळू सपाट करत होतो. भीती वाटायची. पण लिहायला लाज वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या जागेत कोणी निजते याचा मला रागही यायचा.

कलम ४. हे कलम सप्टेंबरात केलेल्या मृत्युपत्रातले आहे, ते आता रद्द करत आहे. त्यात लिहिले होते की सदर कबरीत मलाच ठेवावे.

झाले असे. गेल्या बुधवारी सकाळी बाबालाल गेला. पाऊस नव्हता, जमीन मऊ होती, कोणी माझ्याकडे काही मागायला आले नाही. मीच त्याच्या घरी गेलो. अजमलला म्हणालो, "काकाला माझ्या जागेत ठेवा." तो म्हणाला, "अब्बा, नक्की का? मग परत मागाल." मी स्वतः फरश्या काढल्या. वाळूत ठसा होता. या वेळी मी थापी लावली नाही. उशाचा नावाचा दगड तेवढा उपटून बाहेर टाकला. बाबालालला तिथे ठेवले आणि मी तीन मुठी माती दिली. मग खाली जाऊन मेहरुनला दिली, चार वर्षे उशिरा.

कलम ५. मला खालच्या अंगाला, मेहरुनच्या शेजारी ठेवावे. पाणी लागले तर उपसू नये.

कलम ६. गादी.

बुधवारी दफन करून घरी आलो तेव्हा ऊन होते. टोपी ठेवायला आतल्या खोलीत गेलो. पलंगावर आमची जुनी कापसाची गादी आहे, तिच्यावर मेहरुनची बाजू मी रिकामी ठेवतो. त्या बाजूला गादी दबली होती. हात लावला तर गार, ओली, आणि बोटांना बारीक वाळू लागली. खांदा, कंबर, गुडघा. उजवी टाच चार बोटे अलीकडे. या वेळी तोंड पश्चिमेला नव्हते, माझ्या बाजूला होते.

सून अल्फिया मागून आली. "अब्बा, गादी वली कशी झाली? आना, उनात टाकते."

मी म्हणालो, "राहू दे, पोरी."

तीन दिवस झाले. मी तिच्या शेजारी निजतो. भीती वाटत नाही असे लिहिले तर या कागदात ते पहिले खोटे होईल. पण उठवत नाही.

तरी ही गादी मी कोणालाही देत नाही. मी असेपर्यंत ती उन्हात टाकू नये. माझ्यामागे दोन्ही बाजू आपोआप कोरड्या झाल्या तर गरिबाला द्यावी. न झाल्या तर खोलीला कुलूप लावावे. ते मौलाना पुन्हा कधी मेढ्याला आले तर त्यांना एवढे कळवावे की चांदसाहेबाने घर सोडले, हत्यारे सोडली, कबरही सोडली. बायको सुटत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

चांदसाहेब बालेखान मुलाणी

साक्षीदार:
१. अर्जुना पवार, मेढा (डाव्या हाताचा अंगठा). खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून.
२. धनपाल पाटील, सांगली. गादीला हात लावून पाहिला. ओली आहे.

ठिकाण: मेढा
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५