नोयाकांदीचा लाल हापसा

मी, मोतालेब कालू मृधा, वय एकाहत्तर, राहणार नोयाकांदी, जिल्हा चांदपूर, बांगलादेश, गावोगाव हापसे बसवणाऱ्या संस्थेचा संस्थापक, हे स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं शाबूत आहे, यकृत तेवढं गेलं आहे. कोणाचं दडपण नाही.

१. पत्र्याचं घर व तळ्याकाठचं शेत सोडून बाकी भातशेती शरियतच्या वाट्यांप्रमाणे बायको रोकेया, मुलगा हारुन व मुलगी शेफाली यांना जावी. घराखाली संस्थेला आलेले परदेशी डॉलर पुरलेत असं चहाच्या टपरीवर केव्हाच ठरलेलं आहे. हारुन, कोणी खणायला आलं तर खणू दे. वांग्यांचे वाफे तरी होतील.

२. पाइप कापायची हत्यारं शेफालीला, तीही संस्थेत पगारावर हापसे बसवते. बाकी दोघा वारसांनी हे कबूल केलं आहे. तिला पाहायला आलेल्या बाईने विचारलं होतं, “सेवा करता म्हणता, मग पगार कसला घेता?” शेफाली म्हणाली, “चाची, सेवा करणाऱ्यालाही भूक लागते.” सोयरीक मोडली. बरं झालं.

३. सायकलवर फिरलो तेव्हा लोक म्हणाले ढोंगी, मोटारसायकल घेतली तेव्हा चोर. कान तिखट असल्याने सगळं ऐकलं. चोरी मी केली नाही. केलं ते वेगळंच. चौऱ्याऐंशी साली सिद्दिकच्या अंगणात हापसा बसवला. पाणी पारखलं ते डोळ्यांनी आणि जिभेने. आम्ही सगळे तसंच करायचो. नितळ होतं, गोड होतं, आणि त्यात आर्सेनिक होतं. पुढे तपासणी होऊन हापशाला विषारी म्हणून लाल रंग लागला, तोवर त्या विषाने सिद्दिकचे तळवे फुटले होते. दोन वर्षांत तो गेला. त्याबद्दल गावाने मला एक शब्द विचारला नाही.

४. सिद्दिकची बायको जोबेदा हिच्या दारी तीनदा गेलो. शेवटी ती म्हणाली, “मोतालेब भाई, तुम्ही संस्थेची माणसं. हापसा दिलात, फोटो काढलात. रंग लावलात, फोटो काढलात. आता माफीचाही काढणार?” कॅमेरा नव्हता. तरी मी खिसे उलटे करून दाखवले.
कायद्याने मला वारसांबाहेर देता येतो त्या एक तृतीयांशातून तळ्याकाठचं शेत, तिथल्या खोल, तपासलेल्या हापशासह, जोबेदाला द्यावं. हा माफीचा मोबदला नव्हे. माफीला ती नाही म्हणाली तरी तिचंच.

५. जनाज्याच्या नमाजाआधी इमामसाहेब विचारतात, “माणूस कसा होता?” आणि लोक म्हणतात, “चांगला होता.” माझ्या वेळी हे विचारू नये. त्याआधी हारुनने एकट्याने जोबेदाकडे जावं, संस्थेचं नाव काढू नये, माफ केलंत का एवढंच विचारावं. ती जे बोलेल ते जमलेल्यांना शब्द न बदलता सांगावं. गप्प राहिली तर ‘नाही’ असं समजावं, तसं मोठ्याने सांगावं, आणि मला पुरावं.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही करतो.
मोतालेब मृधा
नोयाकांदी, १४ मार्च २००९

साक्षीदार:
अफजल बेपारी, होडीवाला
निरंजन शील, न्हावी