गुरुजींच्या खोलीतली म्हैस

मलावी

दादास भागवतचा नमस्कार, तोबी आईच्या धाकानं.

मी बरा हाये. संस्थेचं काम बराबर चालू हाये. शाळेवर पत्रे चढले, आता मास्तरणीचं घर बांधून राहिलो. गावच्या बाया डोक्यावर विटा आणतात. घर नसलं तर मास्तरीण टिकत न्हाई, हे त्यांना कळतं.

काल इथल्या गावप्रमुखानं विचारलं, तुमचे गुरुजी कुठं राहतात? उद्या सांगतो म्हणलं आन विटा उचलाय लागलो. आपल्या साखऱ्यात गुरुजींच्या खोलीत तू म्हैस बांधली. ते सेनगावहून जीपनं येतात. जीप चुकली की शाळा बुडाली. तुझ्याच पोराला पाचवीत वाचता येत न्हाई.

आईचा गुडघा कसा हाये? म्हशीला खोली मानवली का, तेबी कळव. गावप्रमुखाला उत्तर द्यायचं हाये.

भागवत