न्हाणीमागच्या भिंतीतला पिंपळ

आप्पा, परवा अंगणात उगवलेली रोपं काढायला बसलो आणि तुम्ही आठवलात. पाऊस ओसरू लागला की घाटावरचे यजमान वाटेला लावून तुम्ही परसात यायचात, धोतर खोचून उकिडवे बसायचात. निंबाचं, बोरीचं, चिंचेचं रोप बुडाशी धरून हलकेच ओढायचात. "माती ओली आहे तोवर मुळासकट येतं, मग कुदळ लागते," म्हणायचात. पिंपळाला मात्र तुम्ही कधी हात लावला नाहीत. पाखरांच्या विष्ठेतून तो न्हाणीमागच्या दगडी भिंतीत दरवर्षी उगवे, आणि जुन्या नाशकातले मुसलमान गवंडीचाचा येऊन तो काढत. तुम्ही आत पाठ फिरवून बसलेले, आणि ते बाहेरून ओरडताहेत, "गुरुजी, पाप माझ्या डोक्यावर! चहा तेवढा गोड पाठवा!" ते छिन्नीने मूळ कोरून काढत आणि त्या भोकात हिंग आणि चुना ठासून भरत.

एकोणीसशे तीस साल उलटल्यावर वर्षा-दोन वर्षांत चाचा वारले. मी नुकता कचेरीत लागलो होतो, तुमच्या सुनेला सातवा महिना होता. तुम्ही म्हणालात, "मी काही सांगत नाही. पण ती भिंत पोकळ होतेय, एवढं ध्यानात ठेव." मी छिन्नी घेऊन गेलो. पिंपळ मारणाऱ्याचा वंश खुंटतो, हे तुम्हाला यजमानांना सांगताना मी लहानपणापासून ऐकलं होतं. माझा हात चालेना. शेवटी कोयत्याने नुसत्या फांद्या छाटल्या, वरून चुना फासला आणि झाड मारलं नाही अशी मनाची समजूत घातली.

"मुळासकट?" तुम्ही विचारलंत.

"हो."

पुढच्या श्रावणात तीन दिवस झड लागली होती. तुम्ही सकाळी आंघोळीला बसलात आणि भिंत आत कोसळली. आम्ही दगड उपसतोय, दगडांमधून मनगटाएवढी मुळं निघताहेत, आणि शेजारचे काका म्हणताहेत, "काय पाऊस म्हणायचा हा!" मी मान डोलावली. मुळं मीच उचलून लांब टाकली.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहितो. तेराव्याला तुमची नात माझ्या मांडीवर होती, आठ महिन्यांची, धडधाकट. लोक माझं सांत्वन करत होते. आप्पा, मी तिच्याकडे पाहिलं आणि मला हायसं वाटलं, की आलं ते तुमच्यावर आलं.