ठमाबाईनंतरचे एकोणीस

मी, डॉ. श्रीधर वामन खांबेटे, वय एकसष्ट, मूत्ररोगतज्ज्ञ, राहणार महाड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. माझा मूत्राशयाचा कर्करोग यकृतात पोचला आहे. आयुष्यभर याच रोगावर संशोधन केले, त्यामुळे किती दिवस उरलेत हे मला कोणी सांगायला नको. दिवाळी झाली. होळी होणार नाही.

१) चवदार तळ्यामागचे राहते घर माझी मुलगी श्रिया हिला द्यावे. तिने हवे तर विकावे. तिची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी पोलादपूरच्या वाड्यांवर लघवीचे नमुने गोळा करत फिरत होतो. श्रियाने ते कधी बोलून दाखवले नाही. दाखवले असते तर बरे झाले असते.

२) माझा सूक्ष्मदर्शक सोनालीला द्यावा. ती लॅब टेक्निशियन आहे. तिची आई ठमाबाई, मूळची कुडपणची, रंगाच्या एका कारखान्यात पिंपे धूत असे. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, दुखत काय नाय. नुसतं लाल होतंय." न दुखता रक्त जाणे ही या रोगाची पहिली खूण, असे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. तरीही बाईमाणूस आहे, जंतुसंसर्ग असेल, म्हणून तिला तीनदा गोळ्या देऊन परत पाठवले. मूत्राशयात दुर्बीण घातली तोवर गाठ स्नायूत उतरली होती; ती वाचली नाही. पुढे सोनालीने विचारले, तेव्हा आई उशिरा आली असे मी सांगितले. ते खोटे होते. ठमाबाई १४ जून २०११ रोजी आली. मी दुर्बीण घातली १० जानेवारी २०१२ रोजी. सोनाली, या तारखा तुझ्या आहेत.

३) रंगांतल्या रसायनांनी हा रोग होतो, म्हणून त्यानंतर मी पिंपे धुणाऱ्यांची लघवी तपासू लागलो. रक्त दिसण्याआधी पेशी बदलतात का, एवढेच शोधायचे होते. २०२१ च्या पुरात सावित्रीचे पाणी प्रयोगशाळेत शिरले आणि दोनशे चौदा नमुने गेले. पुन्हा आरंभ केला. आज एकोणीस जणांच्या पेशी वाईट दिसतात. त्यांना काहीच त्रास नाही. आज दुर्बिणीने तपासले तर बहुतेक वाचतील. पण केमोने माझ्या बोटांची संवेदना गेली आहे. मला दुर्बीण धरता येत नाही. मुंबईला जायचे तर त्यांचे खाडे होतात, म्हणून ते जात नाहीत.

४) सर्व नोंदी आणि काचपट्ट्या डॉ. आमोद राजोपाध्ये यास द्याव्यात. हा माझा विद्यार्थी. २०१९ मध्ये माझे आकडे त्याने स्वतःच्या नावाने छापले. सहा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. मागच्या महिन्यात मीच फोन केला, कारण दुर्बीण आणि माणसे त्याच्याकडे आहेत. तो म्हणाला, "सर, या वेळी तुमचं नाव पहिलं टाकतो."

मी म्हणालो, "नाव नको रे, तारीख दे. महाडला कधी येतोस?"

वेळापत्रक बघून कळवतो म्हणाला. नंतरचे तिन्ही फोन त्याच्या साहाय्यकाने घेतले. तरी सगळे त्यालाच देत आहे, दुसरा कोणी नाही. आमोद, हवे तर सगळे तुझ्या नावाने छाप. आधी ये.

५) दासगावच्या हसन मुकादमला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला लाभ देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. चौदा वर्षे त्याने मला टेम्पोतून गावोगाव नेले. त्याआधी त्याच टेम्पोतून तो कारखान्याची पिंपे वाहत असे. एकोणिसांत त्याचे नाव आहे. पाच महिने त्याला सांगतो आहे, आणि तो एकच उत्तर देतो, "आधी तुमचं होऊ दे, डॉक्टर. तुम्हाला सोडून मी कुठं जाऊ?"

आज त्याला स्पष्ट सांगितले. प्रत्येक वाडीत लोक तुला ओळखतात. तू मुंबईला तपासणीला गेलास तर उरलेले अठरा जातील. तू माझ्या उशाशी बसून राहिलास तर मी एकोणीस ठमाबाया मागे ठेवून मरेन. तो बाहेर जाऊन बराच वेळ टेम्पोपाशी फोनवर बोलत उभा राहिला, मग आत येऊन त्याने पेन मागितले.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

श्री. वा. खांबेटे
महाड, गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, आमच्या समक्ष:
१. ॲड. उझ्मा देशमुख, महाड
२. हसन मुकादम, दासगाव. सोमवारी मुंबईला जातो. अठरांतले चांगू आणि आनंदीबाई पण येतायत.