म्हसोबाच्या माळावरची खरपुडी

मी, आश्रुबा सुंदरराव जोगदंड, वय वर्षे चौऱ्याहत्तर, बीडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेचा परिचर म्हणून नोकरी करून निवृत्त, राहणार मांजरसुंबा, ता. जि. बीड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साह नाही.

कलम १. राहतं घर, बँकेतली ठेव आणि भांडीकुंडी माझी एकुलती एक मुलगी कौशल्या हिला. गच्चीवर तेलाचे नऊ पत्र्याचे डबे आहेत. ते भंगार समजून जावयाने टाकून देऊ नयेत. त्यांत काय आहे ते पुढे येईल.

कलम २. भिंग आणि झाडं दाबायच्या लाकडी फळ्या महाविद्यालयाला. कपाटात घालून कुलूप लावू नये. मी तीस वर्षं तेच कुलूप पुसत होतो.

कलम ३. लहान कुदळ. ही आई मुक्ताबाईची. बहात्तरच्या दुष्काळात ती मला आणि धाकट्या बद्रीनाथला घेऊन म्हसोबाच्या माळावर खरपुडीचे कंद काढायला जाई. कंद बटाट्याएवढा, उकडला की पोटाला आधार. आईचा एकच दंडक होता. "मोठा काढा, धाकटा ठिवा. माती परत लोटा. उद्या बी भूक हाय." त्या वर्षी आमच्या घरात कोणी मेलं नाही, ते या कुदळीमुळे. ती कोणाला द्यावी हे मला ठरवता येत नाही. जागा मोकळी सोडतो.

कलम ४. डब्यांत खरपुडी आहे, माळावरच्या बियांपासून वाढवलेली. नोकरीत लागल्यावर कळलं की ही रुईच्या कुळातली. हे कुळ उष्ण मुलखांत सगळीकडे पसरलेलं, पार आफ्रिकेपासून आपल्या डोंगरांपर्यंत. पण त्यातली काही मंडळी एखाद-दुसऱ्या डोंगराबाहेर कुठेच नाहीत, आणि त्यांची नावं संकटात असलेल्यांच्या यादीत चढलेली. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी यादी वाचून दाखवली, तीत आपली खरपुडीही निघाली तेव्हा मला अभिमान वाटला आणि मी मूर्खासारखा त्यांना माळावर घेऊन गेलो. कंदिलासारखं फूल बघून सरांनी टाळ्या वाजवल्या. मग जागेच्या नावासकट लेख छापला. पुढच्या पावसाळ्यात तिथे नुसते खड्डे. कुंड्यांत लावायच्या हौसेने कोण कुठून येऊन खणून गेलं, देव जाणे. माळाच्या उत्तर उतारावर थोडी उरली होती. ती जागा मी बायकोलाही सांगितली नाही.

कलम ५. माझा भाऊ बद्रीनाथ याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. कारण लिहितो. २०१६ च्या दुष्काळात तो गावच्या पाणलोट सहकारी संस्थेचा चेअरमन होता. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला गेलो, तेवढ्या तीन दिवसांत त्याने उत्तर उतारावर मशीन लावून पाणी जिरवायचे चर खणले. बरोबर खरपुडीच्या उरावर. डोळ्यावर पट्टी असतानाच मी तिथे जाऊन त्याला चारचौघांत नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "दादा, सांगितलं असतं त चर दोन हात वर धरला नसता का? उन्हाळ्यात तिथं दिसतंय काय, नुसता मुरूम हाय." हे खरं होतं. उन्हाळ्यात खरपुडी जमिनीवर नसतेच. खरं होतं म्हणूनच मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

इथवर श्रावणात लिहून वही मिटली होती. पुढचं आज लिहितो.

कलम ६. कलम ५ रद्द. परवा बद्रीनाथ ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "चल वर. तुला गुडघ्यानं जमायचं न्हाई." आठ वर्षांनी ऐकलेलं पहिलं वाक्य. उत्तर उतारावर, चराच्या बांधावर, बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. आत सात वेल, दोन फुलांवर. मी शिव्या देऊन गेल्यावर त्याने उकरलेल्या मातीतून कंद वेचले होते. "फुटलेले लई हुते. जेवढे धड दिसले तेवढे पुरले. मोठा-धाकटा न्हाई बघितला, समदे ठिवले. माती परत लोटली." चरात पाणी धरतं म्हणून ते जगले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू बोलत हुतास का?"

मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. सबब नऊही डबे आणि आईची कुदळ बद्रीनाथला. खरपुडीची जागा संस्थेच्या नकाशावर लाल शाईने दाखवायला सांगितली आहे, म्हणजे पुढच्या दुष्काळात चर वळवता येईल. जागा लपवून मी माळावरचा एकही वेल वाचवला नाही. गेलेली आठ वर्षं मात्र कोणत्या कलमात घालावीत, ते वकिलांनाही सांगता आलं नाही.

साक्षीदार: १) सुग्रीव नामदेव घोलप, २) वैजिनाथ रुद्रप्पा शेटे. दोघांसमक्ष सही केली. ज्याला मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, म्हणून बद्रीनाथ बाहेर ट्रॅक्टरवर बसला आहे. त्याला थांब म्हणालो आहे. पुन्हा माळावर जायचं आहे, पाच वेल अजून फुलायचे आहेत.

आश्रुबा सुंदरराव जोगदंड
मांजरसुंबा, दि. १२ सप्टेंबर २०२४